तिसरी सीडी

"अंकासाठी काहीतरी लिही" असा कॉलेजमधून निरोप आला आणि आठवला तो कोऱ्हाळे बुद्रुकच्या घरातला आमचा कॉम्प्युटर. २००३ साली उसाच्या बिलातून आलेला. लोडशेडिंग नसेल तेव्हाच चालणारा!

त्यावर मी आणि धाकटा भाऊ 'डायब्लो टू' खेळायचो. ब्लिझार्डचा हा २००० सालचा गेम तीन सीड्यांवर यायचा: इन्स्टॉल, प्ले आणि सिनेमॅटिक्स. मित्राकडून आमच्यापर्यंत पोचल्या दोनच. एक अ‍ॅक्ट संपला की गेम तिसरी सीडी मागायचा, आम्ही कॅन्सल मारायचो आणि थेट वाळवंटात! मधे काय घडलं? ते भाऊ सांगायचा. "दादा, ह्याची बहीण पळवून नेलीया, म्हणून ह्यो वाळवंटात निघालाय." झालं! पुढचे सगळे राक्षस आम्ही त्या बहिणीसाठी मारले.

२००७ मध्ये हॉस्टेलवर ती तिसरी सीडी हाती लागली. मोठ्या गठ्ठा-फाईलमधून चित्रफिती बाहेर काढल्या, पण मीडिया प्लेअर काही दाद देईना. नोटपॅडमध्ये उघडलं तर अगम्य चिन्हांच्या सुरुवातीलाच 'बीआयके' ही अक्षरं. म्हणजे बिंक! रॅड गेम टूल्सने १९९९ साली काढलेला फॉरमॅट. त्यांचाच आधीचा स्मॅकर २५६ रंगांवर भागवायचा.

आता थोडा हिशोब, शेवटी आपण इंजिनिअर. ६४० बाय ४८० चं एक रंगीत चित्र म्हणजे ९,२१,६०० बाइट. सेकंदाला २५ चित्रं धरली तर २३ एमबी. ७०० एमबीची सीडी अर्ध्या मिनिटात फुल्ल! म्हणून कॉम्प्रेशन हवंच. मग सरळ एमपीईजी का नाही? कारण खेळणाऱ्याच्या मशीनवर योग्य कोडेक असेलच याची खात्री नाही. बिंकचं सगळं बिऱ्हाड एका डीएलएल फाईलमध्ये, गेमबरोबरच येतं. ('बिंकडब्ल्यू३२ डीएलएल सापडत नाही' हा मेसेज ज्याने पाहिला नाही, त्याने गेम खेळलेच नाहीत!)

रॅडच्याच फुकट टूलने फाईल एव्हीआयमध्ये बदलल्या, त्यांची व्हीसीडी केली आणि दिवाळीला गावी नेली. तोवर भावाने शिक्षण सोडून ऊस बघायला घेतला होता. रात्री पाण्याची पाळी होती, तरी तो टीव्हीसमोर बसला.

खरी गोष्ट निराळीच निघाली. मारियस नावाचा एक म्हातारा वेड्यांच्या कोठडीत बसून सगळं सांगतोय. आम्ही ज्याला चार वर्षं जगवलं तो हिरो त्यात कुठंच नाही. भाऊ शेवटपर्यंत गप्प. मग बॅटरी उचलून दारात थांबला.

"दादा, बहीण कुठाय?"

"चौथ्या सीडीत असंल," मी म्हणालो.

हसला आणि पाणी धरायला गेला.