भरल्या ताटावरून

पंगतीत तू सगळ्यांबरोबर जेवायचीस, म्हणून कोणाला कळलं नाही. उपाशी माणसाच्या आपल्या खुणा ठरलेल्या: ताट मागे सारतो, घास चिवडत बसतो. तुझं ताट तर लख्ख असायचं. वरणभात, पोळी, श्रीखंडाची वाटीसुद्धा. उपासमार पुढे रक्तात सुरू व्हायची. इन्सुलिन नसलं की साखर पेशींच्या दाराशीच अडते, लघवीवाटे वाहून जाते, आणि भुकेलं शरीर स्वतःचीच चरबी, स्वतःचेच स्नायू जाळायला घेतं. त्यातून कीटोन साचतात, रक्त आम्लधर्मी होतं, श्वासाला अतिपिकल्या फळाचा वास येतो. तुझ्या खोलीत तो वास होता, पोरी.

आणि लग्नकार्यात बायका तुझा दंड धरून म्हणायच्या, "किती छान बारीक झालीस गं! काय करतेस?"

टाइप वन मधुमेहाने तुझी भूक तुझ्याकडे ठेवलीच नव्हती. भाकरी केवढी, तिच्यात कार्ब किती, त्याला युनिट किती. भूक लागली तरी आधी बोट टोचायचं, आकडा बघायचा, मग घास. आणि मध्यरात्री शुगर उतरून हात थरथरायला लागले, की इच्छा असो नसो, ग्लुकोज कालवून प्यायचंच. पोटाला काय हवंय ते मीटर सांगणार. ओपीडीत गेलं की सगळ्यांसमोर आधी वजनकाटा. इन्सुलिन सुरू झाल्यावर आजारपणात झडलेलं अंग पुन्हा भरतं. आई देवापुढे साखर ठेवते, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आरशात त्याच अंगाकडे शत्रूसारखी बघते. रिपोर्ट बिघडला की जो तो विचारी, "गोड खाल्लंस ना?" डोस घ्यावासा का वाटत नाही, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

इन्सुलिन येण्याआधी डॉक्टरच मुलांना उपाशी ठेवत. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांचा उपचार तोच होता; त्याने मरण थोडं लांबायचं, इतकंच. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. तिला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरंटोला, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्याकडे आणलं, तेव्हा तिला पंधरावं पुरं व्हायला आलं होतं आणि वजन होतं जेमतेम वीस किलो. इन्सुलिन मिळालं, ती पोटभर जेवू लागली, हाडांवर मांस चढलं. कातडीखाली मोजता येणाऱ्या ज्या बरगड्या झाकायला ते औषध आलं, त्याच बरगड्या शंभर वर्षांनी तुला हव्याशा वाटल्या. बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा. त्या दिवशी जगभर मधुमेह दिन, आपल्याकडे बालदिन. शाळेतल्या मुलांचे फुगे बघितले की मला घरात थांबवत नाही.

बारीक व्हायचं म्हणून इन्सुलिनचे डोस चुकवायचे, डायबुलिमिया म्हणतात याला. स्वतंत्र निदान म्हणून अजून अधिकृत मान्यता नाही. पण तुझ्यासारख्या किती! बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रातल्या टाइप वनच्या २३४ स्त्रियांची अकरा वर्षांनी पुन्हा चौकशी झाली, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपण इन्सुलिन कमी घेतो, असं सुरुवातीलाच ३० टक्के जणींनी सांगितलं होतं. त्यांना मृत्यूचा धोका तिप्पट निघाला. त्यांच्यातल्या ज्या गेल्या, त्यांचं मृत्यूवेळचं सरासरी वय ४५, बाकीच्यांतल्या गेलेल्यांचं ५८. म्हणजे विचारलं, तर मुली सांगतात. मी हा कागद पुन्हापुन्हा वाचते तो त्यासाठी. ब्रिटनमध्ये माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी, त्यांना स्वतःला टाइप वन आहे, खासदार जॉर्ज हॉवर्थ यांच्यासोबत २०२४ मध्ये याच विषयावर संसदीय चौकशीचा अहवाल मांडला: शुगरचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर यांनी अशा रुग्णाला मिळून बघावं. तुझ्या जाड फाइलमध्ये साखरेचे आकडे पानोपानी आहेत. तुझ्या मनाबद्दल एक ओळ नाही.

तुला बेफिकीर म्हणणाऱ्यांशी मी अजून भांडते. बेफिकीर मुलगी इतकी दमत नाही. आईला कळू नये म्हणून वहीत खोटे आकडे लिहिताना तुझं अक्षर किती नेटकं यायचं!

एलिझाबेथ १९८१ पर्यंत जगली. लग्न झालं, तीन मुलं झाली, सुमारे ४२,००० इंजेक्शनं घेतली. त्या जवळजवळ साठ वर्षांत ती रोज जेवली. तेवढी जेवणं तुझ्याही हक्काची होती, आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलीस.