मार्टिनी, मामा आणि दवणा

साताऱ्यातल्या आमच्या वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं मिळतं. बरं, अगदीच खोटं नको, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-चार बाटल्या असतात. पण मी मागितलं होतं ड्राय व्हर्मूथ. काउंटरवरच्या दादांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, मेडिकल पलीकडं आहे."

त्यांचं फार चुकलं नव्हतं. व्हर्मूथ हे मुळात औषधाच्याच घरातलं. वाईनमध्ये कडू-सुगंधी वनस्पती मुरवायच्या, वर थोडी स्पिरिट घालायची, की झालं. 1786 मध्ये तुरिनच्या कार्पानोने ते फॅशनमध्ये आणलं, ते गोडसर. पुढे 1813 मध्ये फ्रान्सच्या नॉयलीने कोरडं, फिकट व्हर्मूथ बनवलं. मार्टिनीत पडतं ते हे. जेम्स बाँडचं सगळं लक्ष 'शेकन की स्टर्ड' यात, पण ही दुसरी बाटली नसेल तर त्याच्या ग्लासात नुसती गार व्होडका उरते.

आणि मी तर गॅंगला प्रॉमिस करून बसले होते. चैत्रातला वीकएंड, सांगलीत मामेभावाचा फ्लॅट, पुण्याहून येणारे चौघे, आणि 'मार्टिनी माझ्याकडे लागली'. (परमिट आहे हो माझ्याकडे, आधीच सांगते.)

मग शॉर्टकट शोधला. ऑनलाईन 'ड्राय व्हर्मूथ' फ्लेवर एसेन्सची अंगठ्याएवढी बाटली मागवली. पाणी, व्होडका, चार थेंब एसेन्स. साताऱ्याच्या गच्चीवर, समोर अजिंक्यताऱ्याचे दिवे, सगळं वातावरण एकदम परफेक्ट. पहिला घोट घेतला आणि लहानपणचं खोकल्याचं औषध आठवलं. एसेन्स फक्त नाकाला फसवतं. जिभेला हवा असतो वाईनचा आंबटपणा आणि मुळ्या-पाल्यांचा कडूपणा, तो थेंबात येत नाही.

रागारागात व्हर्मूथची माहिती वाचायला घेतली. नाव 'वेरमुट' या जर्मन शब्दावरून. वेरमुट म्हणजे वर्मवूड, ती कडू वनस्पती. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ॲबसिंथियम. आणि आर्टेमिसियाच्या खानदानात पुढे आणखी एक नाव होतं: आर्टेमिसिया पॅलेन्स. मराठीत, दवणा.

दवणा! चैत्र यात्रेला जोतिबाला वाहतात तो. आमच्या साताऱ्याकडच्या पाडळीच्या सासनकाठीला तिथे पहिला मान. तासगावजवळच्या मामांच्या देव्हाऱ्यात दर चैत्रात त्याची जुडी असते आणि पुढचे पंधरा दिवस आख्ख्या घराला तो वास.

मामा माळकरी आहेत. दारूचा थेंब नाही. पण वाईनशी त्यांचं नातं माझ्यापेक्षा जुनं आहे. 2001 मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, पलूसला वाईन पार्क झाला आणि सगळ्या तालुक्यात वाईनची हवा झाली. मामांनी दोन एकर थॉमसन काढून एका कंपनीसाठी चेनिन ब्लाँ लावली. चार सीझन बरे गेले. मग 2008 ची मंदी आली आणि पुढच्या वर्षी कंपनीची गाडी बागेत आलीच नाही. वाईनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, आत बी. खायला बाजारात कुणी घेत नाही, बेदाणाही करता येत नाही. माल वेलीवरच गेला. मामांनी खोडं कापून त्यावर पुन्हा थॉमसनचं कलम केलं. मी तेव्हा शाळेत होते. मला आठवतं ते इतकंच, की त्या सुट्टीत आम्हा मुलांना बागेत जाऊ दिलं नव्हतं.

तर शनिवारी मी तासगावला. बेदाण्याच्या शेडवर गडबड, घरात दवणा. मामीने देव्हाऱ्यातल्या जुडीला हात लावू दिला नाही. "देवाचा दवणा दारूत? डोकं फिरलंय का तुझं?" पटलं मला. सांगलीच्या बाजारातून वेगळी जुडी घेतली. दवण्याचा वास गोडसर, वर्मवूडइतका कडू तो नाही, म्हणून गणपती पेठेतून काडेचिराईत. 100 मिली व्होडकात संत्र्याची साल आणि ठेचलेले धणे रात्रभर, दवण्याच्या तीन काड्या शेवटचे काही तास, चिराईत चिमूटभर आणि फक्त वीस मिनिटं. (पहिल्यांदा तासभर ठेवलं होतं. ते सिंकमध्ये गेलं.) गाळून 750 मिली कोरड्या व्हाइट वाईनमध्ये ओतलं. अल्कोहोल साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे खऱ्या व्हर्मूथच्या रेंजमध्ये. बाटली फ्रीजमध्येच ठेवायची, शेवटी ती वाईनच.

रविवारी सकाळी मामा फ्लॅटवर बेदाण्याची पेटी घेऊन आले. मी गाळत होते. लपवायला वेळच मिळाला नाही.

"दवण्याचा वास कसा काय येतोय गं?"

सांगितलं सगळं. ते चिडले नाहीत. रिकामी वाईनची बाटली उचलली, चष्मा वर केला आणि लेबलवरचं एक-एक अक्षर लावून वाचलं. चेनिन ब्लाँ. नाशिकची होती. चार वर्षं पिकवलेल्या द्राक्षाची बाटली ते पहिल्यांदा हातात धरत होते.

"केवढ्याला?"

"सातशे."

"एका बाटलीला किती किलो जातात?"

"सव्वा किलो धरा, मामा."

ते काही बोलले नाहीत. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, तेवढं दिसलं. मग बरणी नाकाशी नेली, लांब श्वास घेतला आणि माझ्या हातात परत दिली.

"दवणा अजून घालू नकोस," म्हणाले, "उग्र होईल."