समजूत : घालावी की काढावी?

रागावलेल्या माणसाला शांत करण्यासाठी मराठीत एक छान शब्दप्रयोग आहे आणि त्यात एक गंमतही आहे. आपण समजूत 'घालतो' आणि समजूत 'काढतो'सुद्धा! घालणे आणि काढणे एकमेकांच्या उलट, पण इथे अर्थ जवळजवळ एकच. वर्गात मुले हे हमखास विचारायची.

विचार केल्यावर वाटते, दोन्ही क्रियापदे हवीतच, पण क्रमाने. आधी समोरच्याच्या मनात काय साचले आहे ते काढायचे. मग आपले म्हणणे घालायचे.

आमच्या भागातलेच उदाहरण बघा ना. २ जानेवारी २०१५ ला सकाळी ठाकुर्लीजवळ बिघाड झाला आणि मध्य रेल्वे कोलमडली. दिव्याला लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली. डोंबिवलीत एका मोटरमनला मारहाण झाली, मग मोटरमननी काम थांबवले. त्या मारहाणीचे समर्थन कोण करील? त्या बिचाऱ्याचा काय दोष! पण अशा वेळी फलाटावर ऐकू काय येते? "आम्ही दिलगीर आहोत." शब्द चांगला, पण ध्वनिमुद्रित दिलगिरी नुसतीच घालत राहते, काढत काहीच नाही. दिवेकरांच्या मनात साचलेले वेगळेच होते. जलद लोकल डोळ्यांदेखत निघून जायच्या, थांबायच्या नाहीत. दिव्याला त्या थांबू लागल्या डिसेंबर २०१६ मध्ये.

मनधरणी हा शब्दही आहे, पण तिच्यात आपली गरज डोकावते. लांगूलचालनात तर शेपटीच हलते! समजुतीत मात्र 'समज' आहे. समजूत म्हणजे नुसते गप्प बसवणे नव्हे.

ताटीच्या अभंगांची कथा आपल्याला ठाऊक आहे. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून बसले. धाकटी मुक्ताई बाहेरून आर्जव करत राहिली, ताटी उघडा म्हणाली. ढकलून आत शिरली नाही. रागावलेल्या माणसाचे दार आतूनच उघडावे लागते, हे त्या लहान मुलीला कळले होते.

घरातल्या रागावलेल्या तरुण मुलांशी बोलताना मी हल्ली आधी एवढेच विचारते, "काय झालं, सांग बरं." आणि मग गप्प बसते. ते गप्प बसणेच सर्वांत कठीण, विशेषतः जन्मभर शिकवण्याची सवय असलेल्या माणसाला!

असो. तुमच्याकडे समजूत घालतात की काढतात? जरूर कळवा.