उतू जाणारा फेस आणि यवतचं गुऱ्हाळ

मैत्रिणींनो, रथसप्तमीला आपण अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर बोळकं ठेवतो आणि दूध मुद्दाम उतू जाऊ देतो. पण वर्षाचे बाकीचे दिवस? तेव्हा उतू जाणाऱ्या दुधाशी आपलं भांडणच असतं! त्यात हरणाऱ्यांपैकी मी एक.

गेल्या थंडीत दूध गॅसवर ठेवून मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसले. दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. सासूबाईंना वास आला म्हणून निभावलं. त्यांनी आधी शेगडीचं बटण बंद केलं, मग सिलिंडरचं. खिडक्या सताड उघडल्या आणि वास जाईपर्यंत दिव्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. मला मात्र त्या दिवसापासून फेसाची धास्तीच बसली.

पुढच्याच रविवारी मुलांच्या हट्टामुळे आम्ही यवतला गुऱ्हाळ बघायला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं हे चाळीसेक किलोमीटर. पुणे-दौंड गाडीनंही जाता येतं. हडपसरच्या उंच इमारती, लोणी काळभोर, उरुळी कांचन मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. आपल्या खडकवासल्याचं पाणी मुठा उजव्या कालव्यानं इकडे पोचतं. म्हणजे आपल्या नळाला येणारं आणि या उसाला मिळणारं पाणी एकाच धरणाचं!

गुऱ्हाळ दिसायच्या आधी त्याचा गोड, धुरकट वास आला. चरकातून रस निघतो, गाळून भल्या मोठ्या काहिलीत पडतो. खाली चुलाणात वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापू लागला, की वर हिरवट-काळपट मळी जमते. मग ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी त्यात ओततात. आपण भाजी करताना ज्या चिकटपणाला नाकं मुरडतो, तोच इथे रसातला मळ गोळा करून वर आणतो. लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो काढून टाकला, की रस सोन्यासारखा दिसतो.

आणि मग खरी गंमत! रस खदखदू लागला, फेस भराभर वर चढला. मी धसकून दोन पावलं मागे सरले. पण तिथल्या मावशींनी चमचाभर तेल टाकलं आणि पाहता पाहता फेस खाली बसला. चुलाणापाशी बसलेल्या माणसानं चिपाडं घालणंही थांबवलं होतं.

"मावशी, तुम्हांला भीती नाही वाटत?"

"भ्यायचं कशाला ताई? फेस वर आल्यावर धावून काय उपेग? तो यायच्या आधी माणूस काहिलीपाशी पायजे," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. उकळता पाक अंगाला चिकटतो, पाण्यापेक्षा खोल भाजतो. मुलांना मी लगेच लांब उभं केलं.

घरी येऊन विचार केला, तेव्हा उलगडा झाला. रसात काय, दुधात काय, प्रथिनं असतात. वाफेच्या बुडबुड्यांभोवती त्यांचा पातळ पडदा बसतो आणि बुडबुडे फुटतच नाहीत, एकावर एक चढत जातात. तेल तो पडदा फोडतं. परदेशात हौसेनं घरी बिअर करणाऱ्यांनाही जवाचा काढा पहिली उकळी येताना हाच त्रास देतो. तेही भांडं बरंच रिकामं ठेवतात, आच कमी करतात आणि पाण्याचा शिपका मारतात. चूल कुठलीही असो, फेसाचा स्वभाव एकच!

तेव्हापासून मी पातेलं दोन तृतीयांशच भरते. दुधाआधी ते पाण्यानं विसळते, काठाला आतून तुपाचं बोट फिरवते आणि वर लाकडी कालथा आडवा ठेवते. वरण-भाताला चार थेंब तेल. दूध चढलंच तर पाण्याचा शिपका चालतो, पण पक्क्या पाकावर चुकूनही पाणी मारू नका, तो अंगावर उडतो. आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे गॅसपाशी उभं राहणं. वह्या थांबतात!

निघताना गूळ घेतला. 100 किलो उसातून जेमतेम 10-11 किलो गूळ निघतो, हे ऐकल्यावर घासाघीस करवेना. पिवळाधमक गूळ पाहून भुलू नका बरं का! तो रंग पुष्कळदा हायड्रोस पावडरीचा असतो. मावशींनी आपल्या घरासाठी बाजूला ठेवलेली ढेप काळपटच होती. मीही तीच मागितली.

यंदा रथसप्तमीला गॅलरीत दूध उतू घालवलं. मुलं टाळ्या पिटत होती. मी मात्र बोळक्याजवळून हलले नाही.