गाडी मागून का बसली?



गाडीच्या स्प्रिंगवर मी कधी काही लिहीन असे मला स्वतःला वाटले नव्हते. पण गेल्या चातुर्मासात आमच्या अंगणात जे घडले ते संध्याकाळी आलोचनेला बसले की अजून आठवते. म्हणून सांगते.

आमच्या डिझायरला सीएनजीची टाकी बसवून घेतली आहे. ती मागे डिकीत असते. नुसती टाकीच साठेक किलोची, त्यात गॅसचे वजन वेगळे. त्यातून चातुर्मासात दर आठ-दहा दिवसांनी शेजारच्या गावी महाराजांच्या आहारासाठी चौका लावायला जायचे, म्हणजे भांडी, शेगडी, चटया सगळे डिकीत. मागे दोन जावा बसल्या की प्रत्येक स्पीड ब्रेकरवर गाडीचे पोट खर्रकन घासायचे. तो आवाज ऐकला की मी डोळे मिटायची आणि हे दात खायचे. परत येताना अंधार पडला तर समोरचे गाडीवाले आमच्यावर डिपर मारायचे. मला वाटायचे, लोकांना धीर म्हणून नाही. नंतर कळले की गाडी मागून बसली की पुढचे तोंड वर होते आणि आपले दिवे थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. चूक आमचीच होती.

ह्यांनी स्प्रिंगमध्ये बसवायच्या रबराच्या कड्या मागवल्या. आमच्या गाडीला मागे गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. दोन वेटोळ्यांच्या फटीत ही कडी बसवली की तेवढा भाग दबायचा कमी होतो, स्प्रिंग कडक होते आणि गाडी थोडी उचलून धरते. "अर्ध्या तासाचे काम, गॅरेजला कशाला पैसे घालवायचे," असे ह्यांचे म्हणणे.

रविवारी सकाळी मंदिरातून आल्यावर काम सुरू झाले. आमचे अंगण फाटकाकडे उतरते, पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तसेच बांधले आहे. गाडी तोंड घराकडे करून उभी होती, डिकी भरलेलीच. ह्यांनी हँडब्रेक ओढला, नट सैल केले आणि जॅक लावून मागचे डावे चाक उचलले. चाक काढण्याआधी स्प्रिंग हाताला कशी लागते ते बघायला वरच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. मी पाणी घेऊन आले तर जॅकच्या पायाशी मुंग्यांची रांग, तोंडात पांढरी अंडी.

"अहो, हात काढा. मुंग्या आहेत. जरा बाजूला करू द्या."

"आता? गाडी उचलल्यावर?" म्हणत, कुरकुरत उठले. मी मऊ केरसुणी आणायला वळले तोच करकर आवाज आला. गाडी वीतभर मागे सरकली, जॅक कलंडला आणि गाडी धपकन चाकावर बसली. जिथे ह्यांचा हात होता ती पोकळी एका क्षणात मिटली.

आम्ही दोघेही काही बोललो नाही. मी आत जाऊन णमोकार म्हणत बसले, हात थरथरत होते.

नंतर ज्याला सांगितले तो म्हणाला, मुंग्यांनी वाचवले. ऐकायला बरे वाटते. पण जॅक पडला तिथे काही मुंग्या मेल्या, हे मी पाहिले आहे. आणि गाडी का सरकली त्याचे कारण अगदी साधे होते. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. त्यातले एक चाक आम्ही हवेत उचलले, दुसऱ्यावर ब्रेकची वायर सैल झालेली. गाडी गियरमध्ये नव्हती. पुढच्या चाकांना ना दगड ना ठोकळा. उतार तर रोजच्या झाडलोटीत माझ्या पायाखालचा. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी धरला आहे. पाठशाळेत हे कितीदा शिकले असेन, पण प्रमाद म्हणजे काय ते त्या दिवशी अंगणात दिसले. मारायचे कोणाच्याच मनात नव्हते, फक्त कोणी बघितले नव्हते.

मग बघायचेच ठरवले. शिवणाच्या पेटीतली टेप काढली आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत अंतर मोजले. उजवीकडे 33 सेंटीमीटर, डावीकडे 32.5. मग डिकी रिकामी केली, एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवली आणि बी.कॉम.च्या सवयीने वहीत रकाने आखले. चौक्याची भांडी आणि शेगडी 19 किलो. पाण्याचा कॅन 20. सासूबाईंच्या स्मरणार्थ वाटायला घेतलेली आणि वाटायची राहिलेली पुस्तके 11. चटया, छत्र्या, जुन्या चपला 7. हत्यारांची पेटी 6. किरकोळ 4. एकूण 67 किलो! म्हणजे एक मोठा माणूस आम्ही चौका नसला तरी रोज बाजारात, दवाखान्यात फिरवत होतो. डिकी रिकामी झाल्यावर पुन्हा मोजले तर उजवीकडे 34.5, डावीकडे 34. एक रुपया खर्च न करता गाडी दीड सेंटीमीटर वर आली. परिग्रहाचे परिमाण करताना मी दागिने धरते, साड्या धरते. डिकी कधी धरली नव्हती.

पुढच्या रविवारी गल्लीतल्या गॅरेजच्या मुलाला बोलावले. तो म्हणाला, "काकू, जॅक फक्त उचलायला. धरून ठेवायला घोडी लागते." त्याने दोन लोखंडी घोड्या आणल्या. आधी हँडब्रेकची वायर ताणली. गाडी समोरच्या सपाट फरशीवर घेतली, पहिल्या गियरमध्ये टाकली, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. मी आधी जागा झाडून घेतली. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. गाडी उचलून घोडीवर टेकवली, चाक काढले आणि तेच चाक आडवे करून गाडीखाली सरकवले, म्हणजे काही झाले तरी गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. चाक लोंबकळले की स्प्रिंग आपोआप ताणते आणि फटी मोठ्या होतात. ब्रशने चिखल धुतला, कुठे तडा नाही ना ते पाहिले, कडीला साबणाचे पाणी लावून ती मधल्या फटीत फिरवत बसवली आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधली. दुसऱ्या बाजूला तशीच, त्याच वेटोळ्यात. चाके लावून गाडी खाली घेतल्यावर नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले.

शेवटी टेप लावली. उजवीकडे 35.5, डावीकडे 35.

त्या मुलाने सांगितलेले दोन शब्द तुम्हालाही सांगते. एक, कडी हा टेकू आहे. तिने गाडीची भार सोसायची ताकद वाढत नाही, उलट उरलेल्या वेटोळ्यांवर ताण जास्त येतो. स्प्रिंग म्हातारीच झाली असेल तर दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात. दोन, स्प्रिंग काढायची वेळ आली तर घरी हात लावू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला जागेवर मारते.

आता चौक्याची भांडी गाडीत राहत नाहीत, परत आले की उतरतात. पुस्तके दशलक्षण पर्वात मंदिरात वाटली. भार जास्त असला की टायरमध्ये हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते, ते वाचून हे हवा भरतात. रात्री दिवे खाली करायचे चाकही वापरतात, ते पहिल्यापासून गाडीत होते. स्पीड ब्रेकरवर गाडी क्वचित घासते, मोठा असला तर आम्ही दोघी-तिघी उतरून चालत पुढे जातो.

वाकडा झालेला जॅक मात्र ह्यांनी भंगारात टाकू दिला नाही. जिन्याखाली ठेवला आहे. झाडताना रोज हाताला लागतो. परवा म्हटले, "हा कशाला ठेवलाय, अडगळ नुसती." हे म्हणाले, "राहू दे, तो तुझ्या वहीत धरू नकोस."

धरला नाही.

जय जिनेंद्र.