ताळा

उत्तर आलं की ताळा करून पाहा, असं आम्ही मास्तर लोक सांगत आलो. शास्त्रज्ञ तरी वेगळं काय करतात?

दीर्घिकांच्या समूहात कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो. त्याचे क्ष-किरण १९९९ साली अवकाशात सोडलेली 'चंद्रा' दुर्बीण टिपते. संगणकातल्या समूहांत मधला वायू निवून भराभर तारे जन्मत होते. चंद्राला तसं दिसलंच नाही. मग गणितात कृष्णविवरांची धग घातली, तेव्हा कुठे मेळ बसू लागला.

आम्हा माकणीकरांना हे लवकर पटतं. नकाशात आमचा भाग भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याचा होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जमिनीनेच ताळा केला. नकाशा सुधारला, पण २००२ मध्ये. आकाशातलं गणित चुकलं तर कुणाचं घर पडत नाही. जमिनीवरचा ताळा मात्र वेळेत व्हायला हवा.

असो.