फिटिंगचे किती?

१

कार डेकोरच्या दुकानावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : 'फिटिंग फ्री'. मजुरी कुठे जात नाही. ती एकतर स्टीरिओच्या किमतीत धरलेली असते, नाहीतर फिटरच्या पगारातून निघालेली असते. गाडी आत घेण्याआधी यातलं कुठलं ते विचारून घ्यावं.

२

"ऑनलाइन घेतलाय दादा, फक्त लावून द्या."

"देतो की. लेबर पडेल."

"तुमच्याकडून घेतला असता तर फ्री म्हणाला असता ना?"

"हो."

दुकानदाराचं बरोबर आहे. त्याच्याकडून माल घेतला तर विक्रीच्या नफ्यातून फिटरचा वेळ भरून निघतो. बाहेरून आणलेल्या मालावर त्याला फक्त मजुरी मिळते, आणि उद्या तो सेट बंद पडला तरी गाडी येऊन उभी राहते ती त्याच्याच दारात. दोन दर असायला काहीच हरकत नाही. दोन्ही भिंतीवर लिहिलेले असावेत, एवढंच.

३

१९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. किंमत ११० ते १३० डॉलरच्या घरात. तेव्हा फोर्डची नवी 'मॉडेल ए' पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. रेडिओ बसवायचा म्हणजे गाडीत कापाकापी करायची, बॅटऱ्यांना जागा काढायची, आणि इंजिनाच्या प्लगांच्या ठिणग्यांमुळे येणारी खरखर बंद करायची. आजही अँप (ॲम्प्लिफायर) लावल्यावर ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली की फिटरला सगळं उघडावं लागतं. बहुतेक वेळा अर्थिंग रंगावरच कसलेलं सापडतं, नाहीतर सिग्नलची आरसीए केबल पॉवरच्या वायरला खेटून नेलेली असते.

४

एक फिटर काम करताना पाहिला. दाराच्या स्पीकरच्या दोन वायरी त्याने सोडवल्या आणि खिशातला पेन्सिल सेल काढून त्यांच्या टोकांना क्षणभर टेकवला. स्पीकरचा कागद हलकेच बाहेर आला. "प्लस बरोबर." दुसऱ्या दाराकडे गेला, पुन्हा सेल टेकवला, आणि कागद आत गेला. तिथे आधीच्या कुणीतरी प्लस-मायनस उलटे जोडले होते. मालक बाजूला उभे राहून सांगत होते की स्पीकर जुने झालेत, बेस येत नाही, चारही बदलून टाका. एक स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, त्यातच बेस जिरत होता. वायरींची अदलाबदल झाली, बेस आला. नवे स्पीकर विकायची आयती संधी त्या माणसाने सोडली. मालकांनी शंभराची नोट काढली. "एवढ्याशा कामाचे..." असं काहीतरी पुटपुटले. मला ते फार लागलं.

५

हिशेब मांडून बघू. आकडे धरून चाललेले आहेत, आपापल्या गावाप्रमाणे बदलावेत.

दुकानाचं भाडं ४०,०००. दोन फिटर, प्रत्येकी २५,०००. एक हेल्पर, १५,०००. वीज, हत्यारं, मोडलेल्या क्लिपा, चहापाणी १०,०००. महिन्याचे झाले १,१५,०००. महिन्याचे २६ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे दोन फिटरांचे ४१६ तास. त्यातले खरोखर गाडीवर लागतात ते अडीचशे धरा. उरलेले वाट बघण्यात, माल आणण्यात, भाव सांगण्यात जातात. तासाला ४६० रुपये पडले. यात मालकाचा नफा अजून आलेला नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी.

अँप आणि वूफरचं वायरिंग नीट करायला चार तास लागले, तर १,८४० रुपये हा नुसता खर्च आहे. हेच काम कुणी पाचशेत करून देत असेल तर तो तासाभरात उरकणार हे नक्की. त्या तासाभरात त्याने काय काय सोडून दिलं, ते विचारावं.

६

काय सोडलं जातं :

बॅटरीजवळचा फ्यूज. तो बॅटरीपासून फार तर दीड फुटाच्या आत हवा. तो अँपसाठी नसतो. मधली वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

इंजिनाच्या कप्प्यातून आत वायर येते त्या भोकातलं रबरी ग्रोमेट. पत्र्याची धार वर्षभरात इन्सुलेशन कापते.

अर्थिंगच्या जागी रंग खरवडणं. दोन मिनिटांचं काम.

७

दाराचा पॅड काढला की आत एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. घाईत असलेला माणूस तो टराटरा फाडतो, स्पीकर बसवतो, पॅड दाबून लावतो. मे महिन्यात काही कळत नाही. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तो कागद अडवत असतो आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर घालवत असतो. कागद गेला की जुलैत कार्पेट ओलं, ऑगस्टमध्ये कुबट वास. मालक सर्व्हिस सेंटरला जाऊन सनरूफचे पाइप साफ करून घेतात. स्पीकर तर छान वाजत असतो, त्याच्यावर कुणाचा संशय जाणार?

८

अँपचा गेन म्हणजे व्हॉल्यूमचा नॉब नव्हे. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यात जो वेळ जातो, तोही मजुरीत धरायला हवा.

९

५०० वॉट आरएमएसचा क्लास डी अँप पूर्ण जोरात वाजला की साधारण ४५ अँपिअर ओढतो. त्याला जाड वायर लागते. बाजारात जाड दिसणारी स्वस्त वायर मिळते. वरून तांबं, आत ॲल्युमिनियम. वीज वाहून नेण्यात ती निखळ तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. ब्लेडने एक तार खरवडली तर आतून पांढरी निघते. चांगला फिटर हे स्वतःहून करून दाखवतो. असा फिटर भेटला तर मजुरीत घासाघीस करू नये.

१०

नागपूरचा मे महिना, उन्हात उभी गाडी. काळ्या टेपचा डिंक वितळतो, टेप उलगडते, पिळून जोडलेली वायर उघडी पडते. क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवायला प्रत्येक जोडाला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. एका स्टीरिओमागे डझनभर जोड सहज असतात. गाडीचा तयार कपलर घेतला तर एकही वायर कापावी लागत नाही, वॉरंटीचा वादही टळतो. "कपलर कशाला, डायरेक्ट जोडतो" असं ऐकू आलं तर चावी परत मागावी.

११

तासावर दर लावला तर हात बसलेला माणूस कमी कमावतो आणि चाचपडणारा जास्त. अमेरिकेतल्या बऱ्याच गॅरेजांत प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात. मेकॅनिकने लवकर संपवलं तरी पैसे तेवढेच. आपल्याकडे उलटं चालतं. "अर्ध्या तासात तर झालं, एवढे कसले घेता?" हे वाक्य मी सुशिक्षित, भल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. हीच माणसं डॉक्टरांच्या दवाखान्यातून पाच मिनिटांत बाहेर येतात आणि फी गुपचूप देतात.

१२

अमेरिकेत या कामाची एमईसीपी नावाची परीक्षा आहे, पास झालेल्याला प्रमाणपत्र मिळतं. इथला फिटर उस्तादाच्या हाताखाली टॉर्च धरून शिकतो. पिवळी कायम करंट, लाल चावीवरची, काळी अर्थ. पांढऱ्या-करड्या पुढच्या स्पीकरच्या, हिरव्या-जांभळ्या मागच्या. हे त्याला झोपेतही सांगता येतं. टॉर्च धरणाऱ्या पोराचा पगार वायरिंगच्या त्या पाचशे रुपयांत कुठे बसतो?

१३

पिवळी आणि लाल एकत्र पिळून कायम करंटला दिल्या तरी स्टीरिओ वाजतो. काम झपाट्याने उरकतं. कुटुंब गणपतीला रेल्वेने कोकणात जातं. चावी काढल्यावरही सेट ०.३ अँपिअर खात राहिला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांच्या आत संपते. गौरी-विसर्जन करून परत आल्यावर गाडी सुरू होत नाही, आणि सगळे बॅटरीच्या कंपनीला नावं ठेवतात.

१४

पावतीत माल वेगळा, मजुरी वेगळी. मजुरीतही वायरिंग, डॅम्पिंग, ट्यूनिंग वेगवेगळं लिहून मागावं. पॅड बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो मागावा. आपलं काम दाखवायला आवडणारा फिटर यावर खूश होतो, हे मी पाहिलंय.

१५

नव्या गाड्यांत पडदा एअरबॅग येतात. त्या छताच्या कडेला, पुढच्या खांबाच्या आतपर्यंत घडी करून ठेवलेल्या असतात. ट्विटर बसवायची जागा नेमकी तीच. वायर एअरबॅगच्या मागून नेऊन बांधली तर ठीक. पुढून आडवी टाकली तर अपघाताच्या क्षणी ती एअरबॅगच्या वाटेत येते. खांबाचं कव्हर लावल्यावर दोन्ही कामं बाहेरून सारखीच दिसतात. एकाला वीस मिनिटं जास्त लागलेली असतात.

१६

इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली की हात मागे. ती मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजची. पिवळा कपलर बहुधा एअरबॅगचा, त्यात टेस्टर खुपसायचा नाही. स्टीरिओला लागणारे १२ व्होल्ट अशा गाडीतही वेगळ्या, लहान बॅटरीतून मिळतात. ती कुठे बसवलीय आणि कशी सोडवायची हे मॉडेलगणिक बदलतं. अशी गाडी घेऊन गेलात तर मजुरी विचारायच्या आधी विचारा, "हे मॉडेल पूर्वी उघडलंय का?" उघडलंय म्हणाला तर सांगेल तो भाव द्या. नाही म्हणाला, आणि तरी एक दिवस जास्त मागून आधी माहिती काढतो म्हणाला, तर त्या दिवसाचेही द्या.